सांगलीच्या मित्रास, मुंबईत घर घेण्याआधी

नौपाडा, ठाणे
जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. बदलीची ऑर्डर आली, एप्रिलपासून बँकेच्या फोर्ट शाखेत रुजू व्हायचं आणि या वेळी भाड्याच्या घरात न राहता स्वतःचं घर घ्यायचं, हे वाचून मला किती आनंद झाला ते काय सांगू! कॉलेज सुटल्यापासून आपण एका गावात राहिलेलो नाही. घरी हिला पत्र वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, काकूंना इकडे आणणार असतील तर नीट विचार करून जागा सुचवा.

तिच्या बोलण्याने माझा विचार जागेवर आला. तू मुलुंड पूर्व, घोडबंदर रोड, डोंबिवली, खारघर आणि बदलापूर अशी पाच नावं लिहून प्रत्येकापुढे चौरस फुटाचा भाव आणि सीएसएमटीपर्यंतचा वेळ मांडला आहेस. पण तू सकाळी आठला बाहेर पडणार आणि रात्री आठला परत येणार. दिवसभर त्या घरात राहणार काकू. वहिनींना नोकरी लागली तर दुपारची पोरगीही काकूंच्याच भरवशावर. सांगलीत काकू रोज गणपतीला जातात, हरभट रोडवरून स्वतः निवडून भाजी आणतात, चार ओळखीच्या बायकांशी बोलून परततात. त्यांचा तो दिवस इथे जसाच्या तसा मिळणार नाही, पण त्यातला किती उरेल हे जागेवर ठरेल. म्हणून गेले काही आठवडे या जागा मी सुट्टी काढून, मुद्दाम कामाच्या दिवशी पाहून आलो. काही ठिकाणी हीसुद्धा सोबत होती.

बदलापूरचं आधी आटपतो. जागा स्वस्त, हवा चांगली, डोंगर जवळ. पण दीड तासाचा लोकलचा प्रवास आणि गावाला लागून वाहणारी उल्हास नदी. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये तिचं पाणी वस्तीत शिरलं. आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते त्याच वेळचं. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कृष्णा तुमच्या गावभागातल्या घरात शिरली होती. सगळं बदलापूर बुडतं असं मी म्हणत नाही. पण काकूंना पुन्हा नदीच्या भरवशावर ठेवू नकोस.

घोडबंदरवर जरा सविस्तर लिहितो, कारण तुझा कल तिकडे दिसतोय. जाहिरातीतला येऊरचा डोंगर तिथे खरोखर दिसतो, पावसाळ्यात तर डोळे निवतात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा फ्लॅट कासारवडवलीकडे बाविसाव्या मजल्यावर आहे, तिथे सकाळी गेलो. गेटवर दोन टँकर उभे होते, तिसरा वळत होता. जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला, आजूबाजूला चिखल, आणि वॉचमन वहीत टँकरचे नंबर टिपून घेत होता. त्याला विचारलं, रोज येतात का? म्हणाला, उन्हाळ्यात बघायला या. टँकरचा खर्च शेवटी मेंटेनन्समध्ये लागतो. त्यामुळे तिकडची कुठलीही जागा पाहशील तेव्हा सोसायटीचं मागच्या मे महिन्याचं बिल मागून घे. दलाल देणार नाही, मालक देईल.

खाली बागेत एक आजी बसल्या होत्या. काकूंच्याच वयाच्या, मूळच्या कराडच्या निघाल्या. हिने विचारलं, भाजी कुठून आणता? त्यांनी वर बाल्कनीकडे बोट दाखवलं. सून मोबाइलवरून मागवते. बाहेरचा रस्ता म्हणजे न्हावाशेव्याकडून गुजरातकडे जाणाऱ्या ट्रक-कंटेनरचा रस्ता, मधोमध मेट्रोचे खांब, बाजूचा सेवा रस्ता खोदलेला. तो ओलांडायची त्यांची हिंमत होत नाही. बाग सुंदर होती, बाकं स्वच्छ होती, आणि आजी आठवडा-आठवडा गेटबाहेर पडत नव्हत्या. मी परतताना सारखा काकूंचाच विचार करत होतो.

शिवाय तुझा हिशेबही तिथे बिघडतो. ठाण्याहून सीएसएमटी जलद गाडीने पाऊण तास, हे बरोबर. पण त्या इमारतीतून ठाणे स्टेशनला येणं, बसने किंवा शेअर रिक्षाने, गर्दीच्या वेळी तासाभराचं काम आहे. मेट्रो ४ ची सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे चाचणी झाली, ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं कामही चालू आहे. हे सगळं सुरू होईल तेव्हा त्या भागाचं रूप पालटेल, यात मला शंका नाही. तिशीतलं जोडपं असेल, लहान मुलं असतील, ऐरोली किंवा अंधेरीला गाडीने जाणारी असतील, तर मी त्यांना खुशाल तिकडे जा म्हणेन. आतल्या आत मुलांना खेळायला जी जागा आहे ती आमच्या नौपाड्यात स्वप्नातसुद्धा नाही. पण काकूंचं वय आज चौऱ्याहत्तर आहे. त्यांना मेट्रोची वाट बघायला लावू नये.

डोंबिवलीत काकू पहिल्या दिवसापासून रमतील. गणेश मंदिर, फडके रोड, पायाखालची बाजारपेठ, हाक मारली की मराठीतच ओ देणारी माणसं. पाडव्याची स्वागतयात्रा, जी आता महाराष्ट्रभर निघते, ती इथेच सुरू झाली. नाटकाला सावित्रीबाई फुले नाट्यगृह. तुझ्या पैशात मुलुंडपेक्षा एक खोली जास्त मिळेल. एवढं असूनही मी डोंबिवलीला दुसऱ्या नंबरवरच ठेवतोय, त्याची कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे सकाळची गाडी. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, पण ऐन वेळेला त्यातही पाय ठेवायला जागा नसते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. ती याच मार्गावरची रोजची कामाला निघालेली माणसं होती. तू सत्तेचाळीसचा आहेस, निवृत्तीपर्यंत हे रोज करायचं आहे. आणि तीन वर्षांत पोरगी कॉलेजसाठी त्याच गर्दीत शिरेल.

दुसरं, एमआयडीसी. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. डोंबिवलीच घ्यायचं ठरलं तर त्या बाजूला फिरकू नकोस. स्टेशनच्या आसपास, जुन्या वस्तीत बघ.

तिसरं कारण तुझ्यासारख्या बँकवाल्याने नीट लक्षात घ्यावं असं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारती बेकायदा ठरल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्या इमारतींना महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता! पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून तो मिळवलेला होता. लोकांनी नंबर पाहिला, बँकांनी कर्जं दिली, आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं नोटिसा हातात घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढली. म्हणून नुसता नंबर पाहून थांबू नकोस. परवानगीची प्रत घे, ती घेऊन नगररचना विभागात जा आणि तिथल्या नोंदीशी ताडून बघ. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (त्या जागेचे जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल) स्वतःच्या वकिलाकडून करून घे, बिल्डरने दिलेल्या वकिलाकडून नव्हे. हे पाचही जागांना लागू आहे.

खारघर मला अपेक्षेपेक्षा जास्त आवडलं. सिडकोने आखलेलं असल्यामुळे रस्ते रुंद, आणि पदपथ असे की काकू काठी घेऊन निवांत चालू शकतील. सेंट्रल पार्क आहे, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा दिसतो, बेलापूर–पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे. हार्बरची गाडी धीमी, सीएसएमटीला तासाच्या वर लागतो, पण संध्याकाळी तू सुरुवातीच्या स्टेशनवर चढणार, बसून येशील. तक्रारी दोन: उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, आणि तळोजा औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये रात्री उग्र वास येतो. दुपारी जागा पाहून तो कळत नाही, रात्री दहानंतर जाऊन खिडकीत उभं राहावं लागतं. जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे जुना फ्लॅट घेताना हस्तांतर शुल्क कोण भरणार हे आधीच लिहून घे. आणि आपलं कोणी जवळ नाही. अडीअडचणीला मी ठाण्याहून निघालो तरी तास-सव्वा तास मोडणार.

आता मुलुंड पूर्व. माझं मत तिथे आहे, आणि तुला ती जागा सगळ्यात लहान मिळणार हे माहीत असूनही आहे.

स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटांवर एक फ्लॅट पाहिला, कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, पाचशे चौरस फुटांच्या आतला. तू खारघरला साडेसहाशेचा पाहत होतास, तेव्हा सामान कमी करावं लागेल. पण संध्याकाळी साडेसहाला खाली उतरलो तर कोपऱ्यावर भाजीवाल्या बसलेल्या, मेथीच्या जुड्या रचलेल्या, एक आजोबा वाटाणे दाताने फोडून गोडी बघत होते. पलीकडे पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, हाडांच्या डॉक्टरांची पाटी. दोन गल्ल्या सोडून देऊळ. कुठेही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. पोरगीसाठी मिठागर रोडवर वझे-केळकर कॉलेज आहे, अकरावीला पायी जाईल. नाटकाला पश्चिमेला कालिदास. पाणी मुंबई महापालिकेचं, टँकरचा विषय नाही. आणि पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत २०२२ पासून मालमत्ता करही माफ आहे. काही जलद गाड्या थांबतात, धीम्या तर आहेतच. ठाणे ते मुलुंड लोकलने पाच-सात मिनिटांचं अंतर; कधीही मी तुझ्याकडे, तू माझ्याकडे.

दोष आहेत. त्या इमारतीला लिफ्ट नाही आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पायऱ्या कडेला झिजलेल्या, कठडा सैल. काकूंचे गुडघे पाहता तो फ्लॅट मी बादच केला. पण त्याच गल्लीत दोन इमारतींत पहिल्या मजल्यावरच्या जागा विकायला आहेत असं कळलं, त्या तू आलास की बघू. तिथल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. विकणारा सांगतो, दोन वर्षांत नवीन मोठं घर मिळेल. बिल्डर भाडं देतो हे खरं, पण काकूंना एकदा सांगली सोडायला लावून पुन्हा दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात हलवायचं, आणि काम रखडलं तर? त्यापेक्षा पुनर्विकास होऊन भोगवटा प्रमाणपत्र (राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेली, लिफ्ट असलेली इमारत घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या घराला जीएसटी लागत नाही, त्यातून थोडी भरपाई होईल. जुन्यातच घेतलंस तर सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतर, झालंय का आणि पुनर्विकासाचा ठराव कुठवर आलाय, हे सेक्रेटरींकडून लेखी घे. मुलुंडचं कचरा डेपो २०१८ मध्ये बंद झालं, तरी हायवेकडच्या बाजूची जागा असेल तर एकदा वारा सुटल्यावर जाऊन ये.

नौपाडाच का नको, असं तू विचारशील. मला तर तू शेजारी हवा आहेस! पण आमच्या गल्लीत विकायला निघतं ते एक तर पाडायला टेकलेलं, नाही तर नव्या टॉवरमधलं आणि तुझ्या कर्जाच्या बाहेरचं.

खर्चाचं एक ध्यानात ठेव. मुद्रांक शुल्क मुंबई हद्दीत ६ टक्के आहे, ठाणे-डोंबिवलीत ७. घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंस तर १ टक्का सवलत मिळते. कर्ज तुझ्या पगारावर असल्याने बँकेला ते चालेल का, हे तुझ्याच शाखेत विचारून घे. शिवाय भाव ठरवताना कार्पेटवरच बोल. आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी धरत नाहीत, तेव्हा मोजपट्टी घेऊन ये. आणि बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नकोस. कायद्यानेच ती मर्यादा घातली आहे.

माझं ऐकशील तर फेब्रुवारीत ये, एकटा नको, काकूंना आणि वहिनींना घेऊन ये. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी या. आमच्याकडे उतरा, जागा पुरेल, ही आत्तापासूनच तयारीला लागली आहे. मुलुंड आणि डोंबिवली दोन्हीकडे काकूंना चालत फिरवू, मंडईत नेऊ, आणि कुठे त्यांचा जीव लागतो ते त्यांच्याच तोंडून ऐकू. त्यांनी डोंबिवली म्हटलं तर मी माझं मत बाजूला ठेवून तुझ्याबरोबर नगररचना विभागात यायला तयार आहे. वहिनींना त्यांची बीएडची कागदपत्रं आणायला सांग, मुलुंडच्या एक-दोन शाळांत चौकशी करून ठेवतो. काकूंच्या गुडघ्याचे एक्स-रेही आणा. आणि बँकेने किती कर्ज मंजूर केलं तो आकडा कळव, म्हणजे पहिल्या मजल्याच्या त्या दोन्ही जागांच्या मालकांशी मी बोलणं सुरू करतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
ठाण्याचा मित्र