कॉलची नोंद घडेल तशी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेलिफोनच्या बिलावरून वाद झाला की बोट बिल काढणाऱ्यांकडे दाखवले जाते. मी टेलिफोन प्रणालीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि माझे ठाम मत आहे की यातल्या अनेक वादांचे मूळ बिलाच्या कितीतरी आधी, कॉलची नोंद कशी ठेवायची हे ठरवले जाते तिथे असते.

कॉल संपला की एक ओळ लिहायची, ही रूढ पद्धत. कोणी केला, कोणाला केला, कधी सुरू झाला, कधी उचलला, कधी संपला. या ओळीला आमच्या क्षेत्रात ‘सीडीआर’ म्हणतात. सरळ कॉलला ती पुरते. पण समजा, 10:00:00 वाजता कॉल आला, 10:00:12 ला ऑपरेटरने उचलला, 10:00:50 ला त्याने तो लेखा विभागाकडे ट्रान्स्फर केला, तिथे 10:01:15 ला उचलला गेला आणि 10:06:15 ला बोलणे संपले. एकाच ओळीत हा कॉल ऑपरेटरशी सहा मिनिटे तीन सेकंद झाल्याचे दिसू शकते. लेखा विभागाशी झालेली पाच मिनिटे आणि त्याआधी ग्राहक ताटकळला ते 25 सेकंद, दोन्हींचा मागमूस राहत नाही. जे टिपलेच नाही, ते नंतर हिशेब करणारा प्रोग्रॅम आणणार कुठून?

म्हणून प्रणालीने आधी घटना लिहाव्यात: रिंग वाजली, उचलला, होल्डवर ठेवला, ट्रान्स्फर केला, ठेवला. प्रत्येक घटनेला वेळ असावी आणि एकाच कॉलच्या सर्व घटना जोडणारा एक समान क्रमांक असावा. लिहिलेली घटना पुन्हा बदलू नये. कालावधी आणि शुल्क यांचे हिशेब नंतर, वेगळ्या टप्प्यावर व्हावेत, म्हणजे नियम बदलला किंवा चूक सापडली तर मूळ नोंदींवरून ते पुन्हा करता येतात. टेलिफोन प्रणाली चालवणाऱ्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये 2010 साली आलेल्या 1.8 आवृत्तीपासून सीडीआरच्या जोडीला अशा घटना टिपण्याची स्वतंत्र सोय आहे. ती उपलब्ध असूनही अनेक ठिकाणी वापरली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

नोंद फक्त कॉल संपल्यावरच होत असेल, तर मध्येच यंत्र बंद पडल्यास चालू असलेल्या साऱ्या कॉलचा पुरावा नाहीसा होतो. डेटाबेस बंद असला तरी कॉल थांबता कामा नये; अशा वेळी नोंदी स्थानिक फाइलमध्ये साठवून मागाहून पाठवाव्यात, आणि तीच नोंद दोनदा पोहोचली तरी तिच्या क्रमांकावरून ती एकदाच धरली जावी. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवावी, कारण घड्याळ तासाने मागे घेण्याची प्रथा जिथे आहे तिथे स्थानिक वेळेचा एक तास दोनदा येतो. टेलिफोन क्रमांक मजकूर म्हणून साठवावा, नाहीतर सुरुवातीचे शून्य गळून पडते.

अशी प्रणाली विकत घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की करार करण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोनदा ट्रान्स्फर झालेल्या कॉलच्या नोंदी प्रत्यक्ष मागून पाहाव्यात आणि चाचणीच्या वेळी, कॉल चालू असतानाच, सर्व्हरचा वीजपुरवठा तोडून काय शिल्लक राहते ते तपासावे.

आपला,
टेलिफोन सॉफ्टवेअर क्षेत्रातील एक वाचक