राघूची खुशाली, आणि बाबांना तीन प्रश्न

सोलापूर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

राघू बरा होतोय, हे आधी वाचा, मग पुढचं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसला होता. मला वाटलं, थंडी. पण श्वासागणिक शेपूट खालीवर होत होती. पिंजऱ्यावर तुमची जुनी चादर टाकली आणि गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून रिक्षाने नेला. पहिल्या दवाखान्यात "आम्ही गाई-म्हशी बघतो" म्हणाले. दुसरीकडे केसपेपरवर 'राघू' वाचून डॉक्टरीणबाई दचकल्या. हिरवा पोपट पाळणं 1972च्या कायद्याने गुन्हा आहे ना! चादर काढून आपला कॉकटील, म्हणजे परदेशी जातीचा पोपट, दाखवला तेव्हा हसल्या.

हात लावायच्या आधी त्यांनी पाचेक मिनिटं नुसतं बघितलं. मग तळाचा कागद मागितला. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच हवा, याचा पोपटी झाला होता. वजन 74 ग्रॅम. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पाठीसारखं लागलं. इतके दिवस पिसांखाली कळलंच नाही.

बाबा, तुम्ही पुण्याला गेलात म्हणून तो झुरला, असं मनात आणू नका. पक्षी दुखणं लपवतात. रानात अशक्त दिसला की संपलाच. हे तुम्ही इथे असतानाच सुरू झालं असणार. आणि रागावू नका, पण नुसतं सूर्यफूल आणि तुमच्या ताटातली शेंगाचटणी-भाकरी आता बंद. लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला द्यायचाय, 'अ' जीवनसत्त्वासाठी.

संशय पोपटज्वराचा आहे. नमुना तपासायला गेलाय, पण डॉक्सिसायक्लीन लगेच सुरू केलं, 45 दिवस. पाण्यात घालून उपयोग नाही, आजारी पक्षी पाणीच कमी पितो. म्हणून टॉवेलात धरून चोचीत थेंब सोडते. दोनदा चावलाय. पिंजऱ्यातला समुद्रफेसही काढून ठेवला, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी लागत नाही.

आई, हा ज्वर वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. तुझा खोकला अजून आहे ना? तिथल्या डॉक्टरांना "घरी पक्षी आहे" एवढं नक्की सांग. मी मास्क लावते, कागद ओला करूनच उचलते.

बाबा, डॉक्टरीणबाई मला विचारतात आणि मला काहीच सांगता येत नाही. त्याची सकाळची शीळ कधी थांबली? दिवाळीत खात होता का, की नुसती टरफलं उडवत होता? शेजाऱ्यांची बजरी, तो छोटा पोपट, मेली, ती त्याच्याजवळ कधी ठेवली होती का?

आज राघू 77 ग्रॅम भरला. उत्तर आईकडून लिहवून घ्या, तुमचं अक्षर मला लागत नाही.

तुमची,
सुमी