टाचेने काढलेले रेखाटन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नृत्याची दखल केवळ रंगमंचापुरती घेण्याची समीक्षेची सवय किती अपुरी आहे, हे बेल्जियमच्या नृत्यरचनाकार आन तेरेसा द कीर्समाकर यांच्या कामाकडे पाहताना जाणवते. १९८२ सालच्या ‘फाझ’ या नृत्यरचनेतील एकल भाग त्यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वाळूवर सादर केला, तेव्हा अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या व्हायोलिन-संगीतावर गिरक्या घेणारी पावले वाळू सारत गेली आणि शेवटी जमिनीवर फुलासारखी भौमितिक आकृती उरली. हे रेखाटनच, फक्त पेन्सिलीऐवजी टाचेने काढलेले! २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या ‘वील्स’ या समकालीन कला केंद्रात तर त्यांनी एक नृत्य नऊ तासांच्या आवर्तनात ताणून नऊ आठवडे प्रदर्शनासारखे मांडले. अशा कामावर आपल्या पानांत नृत्यसमीक्षक आणि चित्रसमीक्षक या दोघांनीही लिहावे, ही विनंती.

— एक नियमित वाचक