थेरपी आली तरी कार्ड पोरीचंच बघणार का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जीन एडिटिंगचा, म्हणजे पेशींतल्या जीनमध्येच बदल करायचा उपचार निघालाय, २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत कॅसजेव्ही नावाच्या अशा थेरपीला परवानगी मिळाली, नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेची देशी थेरपी बिरसा १०१ जाहीर झाली, त्यामुळे आमच्या विदर्भात लोकांना वाटतंय की आता ही ब्याद गेलीच. आनंदच आहे. क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका आलेलं, हाडं दुखून रात्रभर कळवळणारं लेकरू ज्याने घरात पाहिलंय त्याला या बातमीचं मोल सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट कोणी नीट सांगत नाहीये. या थेरपीत पेशंटच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी काढतात, त्यांच्यात बदल करून परत सोडतात, म्हणजे पेशंट बरा झाला तरी त्याच्या लेकरांकडे आजाराचा जीन जायचा तो जातोच. मग लग्न जुळवताना सिकलसेलच्या टेस्टचा निकाल लिहिलेलं कार्ड बघावंच लागणार, आणि आज कार्ड कोणाचं बघतात? चहा-पोहे झाले की मुलाकडचे हळूच विचारतात, "पोरीची सिकलची टेस्ट केली ना?" पोराची केली का, हे विचारायला मुलीचा बाप धजत नाही. अहो, दोघांकडून जीन आला तरच लेकरू एसएस, म्हणजे आजारी होतं, आईबाप दोघंही एएस, म्हणजे एकच सदोष जीन असलेले वाहक असले तर दर खेपेला २५ टक्के शक्यता, मग बोल एकट्या सुनेला का?

पुढची भीती मोठी आहे. चीनमध्ये भ्रूणातच बदल करून मुली जन्माला घातल्याचं २०१८ मध्ये समोर आलं, त्या शास्त्रज्ञाला तुरुंगवास झाला, आपल्याकडेही याला मनाई आहे. पण गर्भलिंग निदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी असून काय झालं ते आपण बघितलंच ना. आज लेकरू आजारी निघालं तर नशीब म्हणून का होईना, शेजारीपाजारी रक्त द्यायला धावतात. उद्या हेच लोक म्हणतील, आधीच दुरुस्त करून का नाही घेतलं, पैसे नव्हते तर जन्माला कशाला घातलं? हे ऐकायची वेळ गरिबावर, त्यातही बाईवर येणार.

कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्या थेरपीला बिरसा मुंडांचं नाव दिलंय, तर ती गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटच्या पेशंटला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाली पाहिजे. आणि टेस्ट कॉलेजातच करा, मुलगा-मुलगी दोघांची, समुपदेशनासकट, म्हणजे पोह्यांच्या बशीसमोर एकट्या पोरीची झडती होणार नाही.

– एक वाचक, चंद्रपूर