वॉर्सा बघून आले, आता आपल्या वाड्यांची मापं घ्या

मा. संपादक,

मागच्या महिन्यात मुलीकडे पोलंडला जाऊन आले, युरोप पहिल्यांदाच बघितला. वॉर्साच्या ओल्ड टाऊनमधली ती रंगीत घरं, दगडी रस्ते बघून मी म्हटलं किती जुनं जपलंय गं यांनी, तर मुलगी म्हणाली आई हे सगळं युद्धानंतर बांधलंय. खरंच वाटेना. १९४४ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले, आणि ते हरल्यावर जर्मनांनी आगी लावून, सुरुंग लावून शहर पाडत नेलं, ओल्ड टाऊनचा ८५ टक्क्यांच्या वर भाग गेला. राजवाड्याशेजारी जुन्या स्तंभाचे तुटलेले खांब अजून आडवे ठेवलेत, तिथे मी बराच वेळ बसून होते.

परत उभं केलं कशाच्या आधारावर, तर अठराव्या शतकात राजाच्या पदरी बेलोत्तो म्हणून इटालियन चित्रकार होता त्याने शहराची फार बारकाईने चित्रं काढलेली, आणि युद्धाआधी आर्किटेक्चरच्या पोरांनी घराघराची मापं घेऊन ड्रॉइंग केलेली, ती युद्धात लपवून ठेवलेली. ढिगाऱ्यातल्या विटासुद्धा परत वापरल्या. १९८० ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते.

तिथे कोल्हापूरचं स्मारकपण आहे बरं का! १९४३ ते ४८ आपल्या वळिवड्याच्या कॅम्पात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्याची आठवण म्हणून. माझे सासरे सांगायचे, कॅम्पातल्या बायका बाजाराला आल्या की मोडकंतोडकं मराठी बोलायच्या.

आमचा वाडा चार वर्षांपूर्वी पाडला. बिल्डिंग झाली, गरज होती, तक्रार नाही. पण माजघराची कमान कशी होती ते आज मला नातवाला काढून दाखवता येत नाही, लग्नाच्या एका फोटोत अर्धा दरवाजा दिसतो तेवढाच. ज्यांना वाडे पाडायचेत ते पाडणारच, पण कोल्हापुरातल्या आर्किटेक्चर कॉलेजांनी त्याआधी पोरांना टेप घेऊन पाठवावं, नकाशे काढावेत, फोटो घ्यावेत आणि सगळं कुठल्यातरी सार्वजनिक वाचनालयात नीट ठेवावं. आमच्या गल्लीत अजून तीन वाडे उभे आहेत. मालकांशी मी बोलून ठेवते, चहापाणी माझ्याकडे.

– एक वाचक, कोल्हापूर