ईश्वरावरचा वाद आणि आधी ठरवायची प्रमाणे

संपादक महोदय,

'ईश्वर आहे की नाही' या विषयावरची गेल्या काही दिवसांतली पत्रे वाचली. एकमेकांचे मुद्दे खोडण्याचा उत्साह सगळ्यांकडे आहे, पण आपण कोणते प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधन, मानतो हे एकानेही सांगितलेले नाही. जडवादी चार्वाक प्रत्यक्षापलीकडे (इंद्रियांना जाणवते त्यापलीकडे) जात नाही, न्यायदर्शन मानणारा नैयायिक अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) आणि शब्दही (विश्वासार्ह वचन) मानतो. या दोघांना समोरासमोर बसवून थेट ईश्वरावर बोलायला लावले, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतील आणि वाद तिथेच राहील.

नैयायिकांचे अनुमान असे: पृथ्वी, अंकुर यांना कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, घटासारखी. धर्मकीर्ती हा बौद्ध तार्किक 'कार्य' या शब्दावरच बोट ठेवतो. कुंभार घडा करताना आपण पाहिलेला असतो, म्हणून कुठलाही घडा दिसला की कुंभार आठवतो. डोंगर करताना कोणाला पाहिले? मातीचा आकार एवढ्यावर भागत असेल, तर वारूळही कुंभाराचेच म्हणावे लागेल. यावर नैयायिक म्हणतो, इतका बारीक भेद काढत बसलात तर कुठलेच अनुमान उभे राहणार नाही. म्हणजे भांडण व्याप्ती ('जिथे कार्य तिथे कर्ता' हा नियम) कुठवर ताणायची याचे आहे. ईश्वराचा प्रश्न त्यानंतरचा. (वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनाही जगाचा कर्ता ईश्वर लागत नाही, हे अनेकांच्या लक्षात नसते.)

१९४८ साली बीबीसी रेडिओवर जेझुइट धर्मगुरू कोपलस्टन आणि अज्ञेयवादी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्यात ईश्वराच्या अस्तित्वावर वाद झाला, तोही इथेच अडला. संपूर्ण विश्वाला कारण हवे, हा कोपलस्टन यांचा आग्रह. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असे होत नाही, हे रसेल यांचे उत्तर. 'समग्राचे कारण' हा प्रश्न अर्थपूर्ण आहे की नाही यावरच एकमत नव्हते, मग उत्तरावर कुठून होणार?

हाच फरक आकड्यांतही दाखवता येतो. एखादी घटना ईश्वर असल्यास, नसल्यापेक्षा २० पट संभवनीय आहे असे दोघांनी मान्य केले असे धरू. आधी निम्मी शक्यता मानणारा बेझच्या नियमाने (पुरावा मिळाल्यावर आधीची शक्यता किती बदलावी हे सांगणाऱ्या गणिती नियमाने) सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचतो. हजारात एक मानणारा जेमतेम २ टक्क्यांवर. पुरावा तोच आणि गणितही दोघांचे अचूक. दुसऱ्याला 'पुरावा दिसत नाही का?' असे विचारून उपयोग नाही. हजारात एक कशावरून, हे विचारायला हवे. पहिल्यालाही त्याचे निम्मे कुठून आले ते विचारावे.

म्हणून सगळी गृहीतके सारखीच, असे मुळीच नाही. विज्ञानाने पडताळलेले तेवढेच खरे, हे विधान कोणत्या प्रयोगाने पडताळले? आपल्या ग्रंथातल्या चमत्काराला साक्ष पुरते आणि दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चमत्काराला पुरत नाही, ती का? स्वतःच्याच कसोटीवर न टिकणारे गृहीतक सोडावेच लागते, मग ते कोणत्याही बाजूचे असो.

या विषयावर पुढे पत्रे छापाल तेव्हा लेखकांकडून सुरुवातीलाच चार ओळी मागाव्यात, ही विनंती: 'ईश्वर' म्हणजे जगाचा कर्ता, निर्गुण ब्रह्म की आणखी काही, कोणती प्रमाणे मान्य, सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची आणि का, आणि काय आढळल्यास ते स्वतःचे मत बदलतील.

कळावे,
तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक