मेट्रोचा नकाशा बेळगाव स्थानकावर लावावा

महोदय,

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने उपचारासाठी वा नोकरीसाठी बंगळूरला जाणाऱ्या सीमाभागातील प्रवाशांना २०११ साली सुरू झालेल्या तेथील मेट्रोचा मोठा आधार आहे. रिक्षाचालकाशी भाड्याची घासाघीस न करता शहर रेल्वे स्थानकालगतच जांभळी मार्गिका मिळते. मात्र हिरव्या मार्गिकेसाठी मॅजेस्टिकला, म्हणजे दोन्ही मार्गिका जिथे मिळतात त्या मेट्रो स्थानकात, आणखी एक मजला खाली उतरावे लागते, हे नवख्या माणसाच्या ध्यानी येत नाही. माझ्या आईने, जिला केवळ मराठी वाचता येते, हातातले टोकन घट्ट धरून तेथे दोन गाड्या सोडल्या. मार्गिकांचा रंगीत नकाशा बेळगाव स्थानकावरच मराठी व कन्नडमध्ये लावावा, ही रेल्वे प्रशासनास कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव